तळाचा

हिल्पा हात उचलते आणि भिंतीवरून
हजार पक्षी उठतात.
तिच्या मनगटाला शिवलेलं, शर्टाच्या बटणाएवढं यंत्र
छताखालच्या बारा कॅमेऱ्यांना सांगतं, हात गेला, हात गेला,
आणि कागदगिरणीच्या या जुन्या शेडमध्ये,
जिथं माझ्या आजोबांनी एकोणतीस वर्षं लगदा ढवळला,
बर्च उगवतात, तळी गोठतात,
अंधार हिरवा होऊन लोंबू लागतो.

हे सगळं माझ्या पाठीमागं.
मी तिच्या पायांखाली. पाया म्हणा हवं तर.
माझ्या खांद्यांवर मार्ती, मार्तीच्या खांद्यांवर हिल्पा,
आणि माझ्यासमोर, रोज दोन तास, सहा वर्षं,
फरशीतली एक चीर.
झोपेतही काढून दाखवीन:
डावीकडं वाकते, खिळ्यापाशी थांबते,
मग मन बदलल्यासारखी जराशी पुढं जाते.

यंत्र माझ्याही घोट्याला आहे.
पहिल्या तालमीला विचारलं, माझ्यातून काय उगवतं?
ओस्मोनं स्क्रीनवर बोट ठेवलं: एक सरळ रेघ.
तू हलत नाहीस ना, म्हणाला,
हललास तर काहीतरी दिसेल.
हेलसिंकीहून आलाय, पूर्वी गेम बनवायचा,
माणूस वाईट नाही. कॉफीत मीठ घालतो एवढंच.

रैली, आमची बाई, गुडघ्यात आता लोखंड आहे तिच्या,
म्हणाली, रेघ सरळ आहे, तेच तुझं काम.
बरोबर आहे.
तरीही फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी,
बाहेर उणे चोवीस, आत नुसत्या रिकाम्या खुर्च्या,
मी उजवी टाच तीळभर उचलली.

बाजूच्या भिंतीवर, आग विझवायच्या बादलीच्या वर,
एक पक्षी उठला. एकच. चिमणीएवढा.
वरून हिल्पाचा आवाज आला, ओरडून नव्हे:
इल्मो, मी वर आहे.
चार शब्द.
रात्रभर टाच जळत राहिली.

मग आले चष्मे.
हिल्पाच्या कपाळाला कॅमेरा बांधून सगळा मनोरा टिपला,
आता मध्यंतरात कुणालाही
आमच्या डोक्यावर उभं राहता येतं, फुकट.
रांग लागते. केस कापणारी सिनिक्का किंचाळते,
बँकेतला माणूस हवेत हात मारतो,
चाकाच्या खुर्चीतली एक म्हातारी
हळूहळू ताठ, आणखी ताठ होत जाते.
मी खोक्यावर बसून राईचा पाव चघळत बघतो,
आणि मला दिसतं, ओस्मोलाही न दिसलेलं:
पक्षी समोर आहेत, आकाश समोर आहे,
पण चष्मा चढला की मान
आधी खाली जाते.
प्रत्येकाची.
पायाखाली कोण आहे ते बघायला.

सगळे गेल्यावर मीही चढवला.
छप्पर इतकं जवळ असतं, ठाऊक नव्हतं.
गंजक्या तुळईवर कुणीतरी खडूनं
फोन नंबर लिहून ठेवलाय, शेवटचा आकडा पुसलेला.
मग माझीही मान खाली गेली.
मार्तीचे खांदे, घामानं काळी पडलेली गंजी,
आणि त्याखाली, फार खाली, एक डोकं.
केसांत दोन भोवरे.
दोन! सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
कान लालभडक.
कॅमेरा थरथरत होता, मार्ती थरथरत होता,
ते डोकं तसंच,
आणि मला, इतक्या उंचावर,
अजिबात भीती वाटली नाही.

चष्मा काढला तर हिल्पा दारात बूट चढवत होती.
म्हटलं, भोवरे दोन आहेत, बोलली का नाहीस?
मला वाटलं तुला माहीत असेल, म्हणाली.
टोपी कानांवर ओढून
बर्फात उतरली, बस गाठायला.
जमिनीवर ती जरा अडखळतच चालते.